तिसरे चाक आणि हेल्मेट

दोन वर्षांपूर्वी नळदुर्ग येथे शिक्षकांच्या एका विज्ञान कार्यशाळेसाठी गेलो होतो. विषय होता गतीचे नियम. मधल्या सुट्टीत एका शिक्षिकेने त्यांच्या नववीच्या वर्गात विचारला गेलेला प्रश्न सांगितला. मुलगा म्हणाला होता, "बाई, माझे वडील मोटारसायकलवर निघाले की हेल्मेट घालावे लागते. तेच वडील ॲपे रिक्षात ड्रायव्हरच्या शेजारी, अर्धे बाहेर लटकून तुळजापूरला जातात, तेव्हा कोणी काहीच म्हणत नाही. एक चाक वाढले म्हणून डोके घट्ट होते का?"

बाईंनी "छान प्रश्न आहे, विचारून सांगते" असे उत्तर दिले होते आणि तो प्रश्न त्यांनी माझ्याकडे सोपवला. त्या दिवशी मी वेळ मारून नेली. परतीच्या वाटेवर मात्र सोलापूरपर्यंत तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. नंतर कायदा वाचला, हेल्मेटचा इतिहास वाचला, थोडी आकडेमोड केली. जे हाती लागले ते शिक्षकमित्रांपुढे ठेवतो.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे हेल्मेटची तरतूद मोटार वाहन कायद्यात आहे. १९३९ च्या जुन्या कायद्यात १९७७ साली दुरुस्ती करून ती प्रथम आली. १९८८ च्या नव्या कायद्यात ती कलम १२९ म्हणून कायम राहिली. हा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला.

शब्दांची गंमत पाहण्यासारखी आहे. १९३९ च्या कायद्यात 'मोटार सायकल' म्हणजे चारपेक्षा कमी चाकांचे आणि ठरावीक वजनाच्या आतले वाहन, अशी व्याख्या होती. या व्याख्येच्या अक्षरावर बोट ठेवले, तर हलकी तीनचाकी गाडीसुद्धा मोटार सायकलच ठरू शकेल. १९८८ च्या कायद्याने हा घोळ मिटवला. त्यात मोटार सायकल म्हणजे दोन चाकांचे मोटार वाहन; तिला जोडलेली, काढता येणारी व एक जादा चाक असलेली साइडकार त्यातच धरायची. हेल्मेटचे कलम 'मोटार सायकली'पुरते असल्याने रिक्षा आपोआप त्याच्या बाहेर राहिली.

साइडकारमध्ये बसणाऱ्यालाही तेव्हा हेल्मेटमधून सूट होती. पूर्वी आपल्या गावांतून स्कूटरला साइडकार जोडून सहकुटुंब फिरणारी मंडळी दिसत. त्या गाडीला रस्त्यावर चाके तीनच. चालकाने हेल्मेट घालायचे, साइडकारमधल्या पत्नीने नाही! २०१९ च्या दुरुस्तीत हे कलम नव्याने लिहिले गेले. चार वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीने, चालवणारी असो, मागे बसणारी असो वा नेली जाणारी असो, मोटार सायकलवर हेल्मेट घालायचे, असा नियम झाला. साइडकारची सूट गेली. पगडी परिधान करणाऱ्या शिखांची सूट कायम राहिली. तीन चाकांची रिक्षा मात्र पूर्वीसारखीच कलमाबाहेर आहे.

म्हणजे त्या मुलाचे निरीक्षण बरोबर होते. कायदा खरोखर चाके मोजतो. का मोजतो, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

एक अपघात आणि एक डॉक्टर

१३ मे १९३५ रोजी इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात एक मोटारसायकलस्वार आपल्या घराकडे निघाला होता. रस्त्याच्या चढउतारामुळे पुढे सायकलवरून जाणारी दोन मुले त्याला ऐनवेळी दिसली. त्यांना वाचवण्यासाठी त्याने गाडी वळवली आणि तो फेकला गेला. डोक्याला जबर मार बसला. सहा दिवस तो बेशुद्ध होता; १९ मे रोजी त्याचे निधन झाले. हा स्वार म्हणजे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' या नावाने जगाला माहीत असलेला टी. ई. लॉरेन्स.

त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे तरुण मेंदूशल्यचिकित्सक होते. मूळचे ऑस्ट्रेलियाचे. अशा दुखापतीपुढे शस्त्रक्रिया हात टेकते, हे त्यांना दिसत होते. मग दुखापत होऊच नये यासाठी काय करता येईल? या विषयाने त्यांची पाठ सोडली नाही.

दुसरे महायुद्ध सुरू झाले. पेट्रोल रेशनवर गेले, रात्री दिवे बंद झाले आणि सैन्याचे निरोप पोचवणारे हजारो स्वार मोटारसायकलींवर फिरू लागले. १९४१ मध्ये केर्न्स यांनी ब्रिटिश वैद्यक नियतकालिकात आपला लेख प्रसिद्ध केला. युद्धापूर्वीच्या २१ महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर १८८४ मोटारसायकलस्वार मृत्युमुखी पडले होते; युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत हा आकडा २२७९ झाला, म्हणजे सुमारे २१ टक्के वाढ. मृत्यूचे प्रमुख कारण डोक्याची दुखापत. हेल्मेट घातलेले अपघातग्रस्त स्वार मात्र केर्न्स यांना फक्त सात सापडले. ते सातही जगले.

विज्ञानाच्या शिक्षकाने इथे थांबून विद्यार्थ्यांना विचारावे: सात जणांवरून निष्कर्ष काढता येतो का? सिद्धतेसाठी ही संख्या अपुरीच आहे. पण शोध घ्यायला पुरेसे कारण ती नक्की देते. केर्न्स यांनी तेच केले आणि माहिती गोळा करत राहिले. नोव्हेंबर १९४१ मध्ये ब्रिटिश सैन्याने आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. सामान्य नागरिकांसाठी ब्रिटनमध्ये सक्ती आली ती १९७३ साली. केर्न्स १९५२ मध्येच वारले होते. पुरावा आणि कायदा यांच्यामध्ये ३२ वर्षे गेली.

त्या सात जणांची जागा पुढे मोठ्या अभ्यासांनी घेतली. जगभरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार हेल्मेटमुळे मोटारसायकल अपघातात मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो. मानेच्या दुखापतीबाबत निश्चित काही सांगण्याइतका पुरावा त्या आढाव्यात मिळाला नाही.

हेल्मेट करते काय?

पुष्कळांना वाटते, हेल्मेटचे वरचे कठीण कवच डोके वाचवते. कवचाचे काम आहेच. ते आघात मोठ्या क्षेत्रावर पसरवते आणि डोके रस्त्यावर घासत जाऊ देते. पण खरे काम आतल्या थर्मोकोलसारख्या फेसाळ थराचे असते. १९५० च्या दशकात अमेरिकेत असा ऊर्जा शोषणारा थर वापरात आला आणि आधुनिक हेल्मेट जन्मले.

गणित नववीचेच आहे. मोटारसायकलवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असते. तेथून ते खाली आले तर जमिनीला टेकताना त्याचा वेग किती? v² = 2gh या सूत्रात h = १.५ मीटर घातले, तर v² = २९.४ आणि वेग सेकंदाला सुमारे ५.४ मीटर येतो. म्हणजे ताशी १९ ते २० किलोमीटर. गाडी उभी असताना नुसते कोलमडले तरी हा वेग मिळतोच! 'गावात आम्ही हळूच चालवतो, आम्हाला हेल्मेट कशाला' या युक्तिवादाचे उत्तर इथे आहे. गाडीचा आडवा वेग कमी झाला तरी डोक्याची उंची कमी होत नाही.

आता हा वेग किती अंतरात शून्यावर येतो ते पाहू. उघडे डोके डांबरावर आदळले तर कातडी आणि केसांचा थर मिळून फार तर ४ मिलिमीटर दबेल असे समजू. मंदन = v² ÷ (२ × अंतर) या सूत्राने ते गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ३७५ पट येते. हेल्मेटमधला थर २ सेंटिमीटर दबला, तर तेच मंदन ७५ पटींवर उतरते. थांबण्याचे अंतर पाचपट झाले, बल एकपंचमांश झाले. हे हिशेब ढोबळ आहेत. खऱ्या अपघातात डोके फिरते, घासते, दोनदा आपटते. पण तत्त्व हेच. एकदा दबलेला थर पुन्हा फुगत नाही, म्हणून आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरायचे नसते. आणि पट्टा न लावलेले हेल्मेट डोक्याच्या आधीच रस्त्यावर पोचते, हेही मुलांना सांगावे.

मर्जी कोणाची?

जगात सर्वसामान्य स्वारांसाठी पहिली हेल्मेटसक्ती ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात १९६१ साली झाली. त्यानंतर जिथे जिथे कायदा आला, तिथे तिथे एकच वाद झाला: माझे डोके माझे आहे, फुटले तर माझे फुटेल, सरकारचे काय जाते?

हा वाद सर्वांत मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत झाला. १९६६ मध्ये तेथील केंद्र सरकारने महामार्गाच्या अनुदानाची सांगड हेल्मेट कायद्याशी घातली. १९७५ पर्यंत तीन राज्ये वगळता सर्वांनी कायदे केले. १९७६ मध्ये ही अट काढली गेली आणि निम्म्याच्या आसपास राज्यांनी पुढच्या काही वर्षांत कायदे रद्द किंवा सैल केले. मृत्यू वाढले. न्यायालयांतही दोन्ही बाजू दिसल्या. मिशिगनच्या न्यायालयाने १९६८ मध्ये हा कायदा व्यक्तिस्वातंत्र्यावर अतिक्रमण म्हणून फेटाळला. मॅसॅच्युसेट्समधील खटल्यात १९७२ मध्ये न्यायालयाने उलट भूमिका घेतली. जखमीला रस्त्यावरून उचलणारे, इस्पितळात नेणारे आणि तो अपंग झाल्यास त्याचा व कुटुंबाचा भार वाहणारे सगळे समाजातलेच असतात, तेव्हा प्रश्न एकट्या स्वाराचा राहत नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

जर्मनीतला अनुभव वेगळाच आहे. तिथे १९८० मध्ये हेल्मेट नसल्यास जागेवर दंड सुरू झाला आणि पुढील सहा वर्षांत मोटारसायकलींच्या चोऱ्या सुमारे दोन तृतीयांशाने घटल्या. कारण सोपे. भुरटा चोर घरून हेल्मेट घेऊन निघत नाही. उघड्या डोक्याने पळाला की पकडला जातो.

आपल्याकडे आंध्र प्रदेशातील हेल्मेटच्या नियमाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. संचारस्वातंत्र्यावर हा घाला आहे असे म्हणणे होते. १९८८ मध्ये न्यायालयाने ते फेटाळले. स्वाराचा जीव वाचवणारा नियम त्याच्या संचारात अडथळा आणत नाही, असे न्यायालयाचे मत पडले.

महाराष्ट्रात मात्र कायदा कागदावर आणि हेल्मेट हँडलला, असेच चित्र बहुतेक वर्षे राहिले. २०१६ मध्ये तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' अशी घोषणा केली. पंपचालकांसह अनेकांचा विरोध झाला आणि घोषणा सैल करावी लागली. जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात पोलिसांनी सक्ती सुरू करताच 'हेल्मेटसक्ती'विरुद्ध विनाहेल्मेट फेरी निघाली. हेल्मेट या शब्दाला 'सक्ती' हा शब्द इतका चिकटला आहे की 'हेल्मेटसक्ती' हा एकच सामासिक शब्द वाटावा!

२०२२ साली देशात रस्त्यांवर सुमारे १ लाख ६८ हजार माणसे गेली. त्यांत दुचाकीवरची सुमारे ७५ हजार. त्यांतल्या सुमारे ५० हजार जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. इथेही विद्यार्थ्यांना एक सावधगिरी शिकवावी. हेल्मेट नसलेले ५० हजार गेले एवढ्यावरून हेल्मेट उपयोगी आहे असे सिद्ध होत नाही. रस्त्यावरचे एकूण किती लोक हेल्मेट घालत होते हेही कळायला हवे. उपयोग सिद्ध होतो तो दोन्ही गटांची तुलना करणाऱ्या अभ्यासांवरून.

गांधीलमाशी आणि मधमाशी

आता तिसऱ्या चाकाकडे वळू. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत विमाने बनवणाऱ्या पियाजिओ कंपनीला नवे उत्पादन हवे होते. कोराडिनो दास्कानिओ या विमान अभियंत्याने १९४६ मध्ये स्कूटर घडवली. तिचे नाव व्हेस्पा, म्हणजे इटालियन भाषेत गांधीलमाशी. तिच्याच मागे दोन चाकांचा गाडा जोडून १९४८ मध्ये तीनचाकी बाजारात आली. कष्टाळू म्हणून तिचे नाव ठेवले 'आपे', म्हणजे मधमाशी. धाराशिव जिल्ह्यात ज्या गाडीला लहानथोर 'ॲपे' म्हणतात, तिचे नाव असे मधमाशीचे आहे. वर्गात हे सांगितले तर मुले विसरणार नाहीत.

भारतात बजाज कंपनीला १९५९ मध्ये दुचाकी व तीनचाकी बनवण्याचा परवाना मिळाला आणि पुण्याजवळ आकुर्डीला रिक्षा तयार होऊ लागल्या. जर्मनीतील 'टेम्पो' कंपनीच्या सहकार्याने १९५८ मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी निघाली. तिची मालवाहू तीनचाकी इतकी पसरली की 'टेम्पो' हे नाव मराठीत सामान्यनाम होऊन बसले. दिल्लीत युद्धकाळातल्या हार्ले डेव्हिडसन मोटारसायकलींना मागे आसने जोडून 'फटफटी' धावत. त्या १९९८ मध्ये बंद झाल्या. अर्धी मोटारसायकल आणि अर्धी रिक्षा अशा त्या वाहनाला कोणत्या कप्प्यात टाकायचे, हा प्रश्न कायद्यालाही पडावा.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस पियाजिओच्या डिझेल ॲपे बारामतीच्या कारखान्यातून निघू लागल्या आणि बघता बघता मराठवाड्याच्या फाट्याफाट्यांवर दिसू लागल्या.

त्याला कारण होते. धाराशिव, म्हणजे पूर्वीचा उस्मानाबाद जिल्हा, १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. या संस्थानाने १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली. सार्वजनिक बसची परंपरा त्यामुळे या भागात जुनी आहे. पण बस थांबते फाट्यावर आणि गाव असते आत तीन-चार किलोमीटर. रेल्वेही जिल्ह्याच्या वाट्याला थोडीच. फाटा ते गाव हे अंतर ॲपेने भरून काढले. सोलापूर–हैदराबाद महामार्गावर नळदुर्ग, उमरगा. सोलापूर–धुळे महामार्गावर तुळजापूर, धाराशिव, येडशी. या मोठ्या रस्त्यांवर उतरायचे आणि पुढे ॲपेत बसायचे. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळातील एसटी कर्मचाऱ्यांच्या संपात तर अनेकांना दुसरा आधारच उरला नव्हता. तुळजापूरच्या नवरात्रात आणि बाजाराच्या दिवशी या गाड्या किती माणसे घेतात हे वाचकांना सांगायला नको.

तीन चाकांचे गणित

दुचाकी वळणावर आतल्या बाजूला कलते, म्हणून तोल राहतो. तीनचाकी उभ्या उभ्या पडत नाही, हा तिचा मोठा गुण. पण तिला वळणावर कलता येत नाही. एक चाक पुढे आणि दोन मागे, असा त्रिकोण जमिनीवर काढा. गुरुत्वमध्यातून खाली सोडलेला ओळंबा या त्रिकोणात असला की गाडी उभी राहते. वळताना मात्र पुढचे चाक आणि बाहेरचे मागचे चाक यांना जोडणाऱ्या रेषेवरून ती उलटू पाहते. ही रेषा पुढे निमुळती होत जाते. म्हणून वजन जितके मागे आणि खाली, तितकी गाडी सुरक्षित. जितके पुढे आणि वर, तितकी धोक्यात.

समजा, मागच्या चाकांमधले अंतर १.१ मीटर आहे, पुढच्या चाकापासून मागच्या चाकांपर्यंत २ मीटर आणि गुरुत्वमध्य पुढच्या चाकापासून १.२ मीटर मागे, जमिनीपासून ०.६६ मीटर उंच आहे. गुरुत्वमध्यापाशी त्रिकोणाची अर्धी रुंदी येते ०.५५ × ०.६ = ०.३३ मीटर. तिला उंचीने भागले की ०.५ मिळतात. म्हणजे वळणावरचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या निम्मे झाले की आतले चाक उचलले जाईल. २५ मीटर त्रिज्येच्या वळणावर हा वेग ताशी सुमारे ४० किलोमीटर होतो.

आता ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस बसवा आणि टपावर पोती टाका. गुरुत्वमध्य पुढे सरकून १ मीटरवर आला आणि ०.७५ मीटर उंच झाला असे समजू. रुंदी झाली ०.२७५ मीटर, भागाकार सुमारे ०.३७. त्याच वळणावर उलटण्याचा वेग आता ताशी ३४ किलोमीटर. चालकाच्या हाताला मात्र सवय चाळीसची. वळणातच ब्रेक दाबला तर बल त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे झुकते आणि धोका आणखी वाढतो. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण दिशा खरी आहे.

उलटलेल्या रिक्षात डोक्याचे काय होते? दुचाकीस्वाराला रस्त्याशिवाय दुसरे काही लागत नाही. त्याच्याभोवती गाडी नसतेच, म्हणून संरक्षण अंगावर बांधावे लागते. मोटारीत उलट: पिंजरा गाडीचा असतो आणि पट्टा माणसाला पिंजऱ्यात धरून ठेवतो. अमेरिकेत तीनचाकींबाबत अनेक राज्यांनी हाच निकष धरला. हँडल धरून, खोगिरावर बसून चालवायची तीनचाकी मोटारसायकल समजायची. आसन, पट्टे आणि स्टिअरिंग असलेल्या तीनचाकीचा वेगळा वर्ग करून काही ठिकाणी तिला हेल्मेटमधून सूट द्यायची. चाकांच्या संख्येपेक्षा माणूस आत बांधलेला आहे की बाहेर उघडा, हा प्रश्न त्यांनी विचारला.

आपली ॲपे या दोहोंच्या मध्ये लोंबकळते. छप्पर आहे, पण बाजू उघड्या. आसने आहेत, पण प्रवाशाला पट्टा नाही. उलटली की माणूस बाहेर फेकला जातो किंवा लोखंडी नळीवर आपटतो. हेल्मेट घातले असते तर त्याच्या डोक्याला उपयोग झालाच असता. तिसऱ्या चाकाने डोके घट्ट होत नाही. पण दर प्रवाशाने हेल्मेट घेऊन फाट्यावर उभे राहावे हे व्यवहारात येणार नाही, आणि फेकल्या जाणाऱ्याची छाती, कंबर, पाय त्याने वाचत नाहीत. तिथे औषध वेगळे: मोजकीच माणसे, ड्रायव्हरशेजारी कोणी नाही, वळणावर वेग कमी, बाजूला दार किंवा आडवी दांडी. दिव्यांग बांधवांच्या बाजूला जादा चाके जोडलेल्या स्कूटरची गोष्ट निराळी. तिथे स्वार उघडाच बसतो, डोकेही तेवढ्याच उंचीवर. त्याने हेल्मेट घालणे केव्हाही शहाणपणाचे.

निवड कोणाला आहे?

आता मूळ वादाकडे येतो. स्वातंत्र्याचा पुरस्कार करणारा जॉन स्टुअर्ट मिल १८५९ मध्ये एक उदाहरण देऊन गेला आहे. पूल धोक्याचा आहे हे माहीत नसलेला माणूस त्यावर पाऊल टाकत असेल आणि सांगायला वेळ नसेल, तर त्याला मागे ओढणे म्हणजे त्याचे स्वातंत्र्य हिरावणे नव्हे. कारण पाण्यात पडणे ही त्याची इच्छाच नव्हती. मला हे उदाहरण हेल्मेटला बरेचसे लागू पडते असे वाटते.

माझे काका उमरगा तालुक्यात शाळेत गणित शिकवत. स्कूटरवर शाळेत जात. हेल्मेट त्यांच्याकडे होते. ते डिकीत असे. 'गावातल्या गावात कशाला' हे त्यांचे वाक्य. एका सकाळी कुत्रे आडवे आले. गाडीचा वेग फार तर वीस असेल. हातापायाला खरचटलेसुद्धा नाही. डोके आपटले. काका वाचले, नंतर अकरा वर्षे जगले. पण बीजगणिताची उदाहरणे तोंडी सोडवणाऱ्या त्या माणसाला पुढे आपल्या विद्यार्थ्यांची नावे आठवत नसत. निवड त्यांनी केली होती, हे खरे. पण त्या अकरा वर्षांची निवड त्यांनी केली नव्हती, आणि काकूने तर कसलीच केली नव्हती.

त्या निवडीबद्दल मी काकांशी कधी वाद घातला नाही, कारण त्यांना निवड होती. डिकी उघडण्याचाच काय तो अवकाश होता. फाट्यावर संध्याकाळी उभ्या असलेल्या बाईला ती नसते. बस गेलेली असते, अंधार पडत असतो, समोर अकरा माणसे बसलेली एकच ॲपे असते. तिला चढावेच लागते. तिच्या बाबतीत 'प्रवाशाने स्वतःची काळजी घ्यावी' असे म्हणणे म्हणजे आपली जबाबदारी तिच्या डोक्यावर ठेवणे होय. दुचाकीस्वाराच्या सुरक्षेचा मोठा भाग त्याच्या हाती आहे. ॲपेतल्या प्रवाशाची सुरक्षा गाडी बनवणारा, चालवणारा, परवाना देणारा आणि वेळेवर बस न सोडणारा, यांच्या हाती आहे.

त्या मुलाला उत्तर द्यायचे तर असे देईन: बाळा, डोके तेच आहे. कायद्याने एका गाडीत तुझ्या वडिलांना जबाबदार धरले. दुसऱ्या गाडीत जे जबाबदार आहेत, त्यांना आपण अजून पुरते विचारलेले नाही.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. दोन कच्ची अंडी घ्या. एक थर्मोकोलच्या दोन सेंटिमीटर थरात गुंडाळून, दुसरे पातळ पत्र्याच्या डबीत घट्ट बसवून, दीड मीटरवरून सोडा. कठीण कवच आणि दबणारा थर यांतला फरक मुले स्वतः सांगतील.

२. पुठ्ठ्यावर तीन चाकांचा त्रिकोण करून छोटी गाडी बनवा. वजन आधी मागे, मग पुढे, मग वर ठेवा आणि फळी हळूहळू बाजूला कलती करा. प्रत्येक वेळी गाडी किती अंशांत उलटते ते कोनमापकाने मोजून तक्ता करा.

३. शाळेजवळच्या फाट्यावर, शिक्षकांच्या सोबतीने, रस्त्यापासून दूर उभे राहून तासाभरात जाणाऱ्या दुचाकी मोजा. हेल्मेट डोक्यावर किती, हँडलला किती, आणि पट्टा लावलेली किती, असे तीन रकाने करा. गाडीचा क्रमांक किंवा कोणाचे नाव लिहू नका. महिन्याने पुन्हा मोजा.

नळदुर्गच्या त्या बाईंना हा लेख पाठवतो आहे. त्यांच्या वर्गातला तो मुलगा आता अकरावीत असेल. दोन वर्षांनी त्याला मोटारसायकलचा परवाना काढता येईल.